वाडीचा पुनर्विकास: सही करण्यापूर्वी तळमजल्याचा नकाशा पाहा

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे गिरगावातील एकाच प्रस्तावाविषयी अनेक पत्रे आली. रस्त्यालगतच्या एका वाडीतील सहा जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, चाळी एकत्र पाडायच्या आणि त्या जागी खाली दुकाने, त्यांवर कार्यालये, एका बाजूला जुन्या रहिवाशांची उंच इमारत व दुसऱ्या बाजूला विक्रीच्या घरांची इमारत उभारायची, असा तो प्रस्ताव आहे. पाच चाळी बहुतांशी राजी आहेत, सहावी थांबली आहे, दुकानदार धास्तावले आहेत आणि शेजारच्या वाडीने हरकत घेतली आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची आणि वाडीची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी सहाव्या चाळीत १८० चौरस फुटांच्या खोलीत राहतो. आमची चाळ सामील झाली तरच प्रत्येकाला ४०५ चौरस फुटांचे घर मिळेल, असे विकासकाचे लोक सांगतात. त्यामुळे बाकीच्या पाच चाळींतले शेजारी आम्हालाच दोष देतात. संमतिपत्रावर सही करावी का?

उत्तर: पहिल्यांदा तो दोष मनावरून उतरवा, कारण ४०५ हा आकडा आपल्या चाळीच्या सहीवर अवलंबून नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील विनियम ३३(७) नुसार उपकरप्राप्त इमारतीतील निवासी भाडेकरूला त्याच्या ताब्यात असलेले क्षेत्र मिळते आणि ते कितीही लहान असले, तरी किमान २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट चटई क्षेत्र द्यावेच लागते. त्यावर पुनर्वसनाच्या घरांसाठी अधिमूल्य न भरता ३५ टक्के फंजिबल क्षेत्र, म्हणजे मूळ मर्यादेवरचे जादा बांधकाम क्षेत्र, वापरता येते. ३०० चे ४०५ होतात ते असे. हा हिशेब एका चाळीलाही लागू आहे आणि सहा चाळींनाही. त्यामुळे ते क्षेत्र कोणी आपल्याला मेहेरबानी म्हणून देत असल्यासारखे सांगत असेल, तर त्यांना नियमावलीचे पान उघडून दाखवायला सांगावे.

सहावी चाळ आल्याने मोठा फरक पडतो तो विक्रीच्या क्षेत्रात. एकाच भूखंडाचा पुनर्विकास केल्यास पुनर्वसनासाठी लागणाऱ्या क्षेत्राच्या ५० टक्के प्रोत्साहनपर क्षेत्र मिळते, वेगवेगळ्या मालकांचे दोन ते पाच भूखंड एकत्र आल्यास ६० टक्के आणि सहा किंवा अधिक एकत्र आल्यास ७० टक्के. समजा, पुनर्वसनाला एकूण ६,००० चौरस मीटर लागत आहेत, तर ६० टक्क्यांनी ३,६०० चौरस मीटर आणि ७० टक्क्यांनी ४,२०० चौरस मीटर विक्रीला मिळतात. आपल्या चाळीकडे सगळ्यांचे डोळे का लागले आहेत, ते यावरून ध्यानात येईल. यात गैर काही नाही. मोठ्या जागेवर नियोजनही चांगले होऊ शकते, अग्निशमन दलाचा बंब आत वळू शकतो, उजेड आणि वारा राखता येतो. मात्र हा जादा लाभ आपल्या येण्यामुळे होत असेल, तर त्यातला काही भाग सहाही चाळींच्या पदरात पडावा, हे मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ही ताकद एकट्या सहाव्या चाळीसाठी वापरू नका, सहाही चाळींची एक समिती करा आणि मागण्यांचा एकच कागद पुढे ठेवा.

आता सहीविषयी. ३३(७) खाली ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते आणि ती अपरिवर्तनीय असते, म्हणजे एकदा दिली की परत घेता येत नाही. ती पुरी होऊन म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाले, की सही न केलेल्यांना म्हाडा अधिनियमाच्या कलम ९५-अ खाली जागा रिकामी करावी लागू शकते. म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत सही करणे जेवढे धोक्याचे, तेवढेच ‘मी करणारच नाही’ म्हणून दार लावून बसणेही धोक्याचे आहे. अशी कितीतरी संमतिपत्रे मी पाहिली आहेत, ज्यांत नाव आणि खोली क्रमांक नीट लिहिलेला असतो आणि इमारत, मजला, क्षेत्र, मुदत यांच्यापुढे नुसत्या टिंबांच्या ओळी असतात. त्या जागा भरल्या जाईपर्यंत आणि मंजुरीसाठी जाणाऱ्या नकाशाची, विशेषतः तळमजल्याची, प्रत समितीच्या हाती येईपर्यंत सही करू नये.

प्रश्न: आमचे पूजासाहित्याचे दुकान आजोबांपासून पागडीवर आहे. जागा १२६ चौरस फूट, तोंड थेट रस्त्यावर, वर पोटमाळा. नव्या आराखड्यात आमच्यासारख्या दुकानांना दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला जागा दाखवली आहे आणि रस्त्यालगतची मोठी दालने विक्रीसाठी ठेवली आहेत. तेवढेच क्षेत्र मिळते आहे म्हणजे कायद्याप्रमाणे सारे ठीक आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?

उत्तर: कायद्याचे शब्द तेवढेच आहेत, हे खरे. बिगरनिवासी भाडेकरूला जुन्या इमारतीत होते तितके क्षेत्र द्यावे, असे ३३(७) म्हणतो. निवासी भाडेकरूसारखे किमान क्षेत्राचे संरक्षण दुकानाला नाही आणि ते क्षेत्र कोणत्या मजल्यावर, कोणत्या रस्त्याकडे तोंड करून द्यावे, याबद्दल नियमाने काही सांगितलेले नाही. ही नियमातली खरी उणीव आहे आणि या वादाचे मूळही मला तेथेच दिसते.

आपल्यासारख्या दुकानाचा व्यवहार मी पुष्कळदा पाहिला आहे. गिऱ्हाईक आत येतच नाही. ते फुटपाथवरूनच फळीशी उभे राहते, एक पाय पायरीवर ठेवून कापूर, फुलवाती आणि अष्टगंधाची डबी मागते, पिशवी खांद्यावरून न उतरवता सुटे पैसे देते आणि पुढे जाते. मंगळवारी नारळ, श्रावणात बेलाची पाने, गणपतीच्या आधी जानवी आणि कापसाची वस्त्रे, या विक्रीला लागते ती रस्त्याने चाललेल्या माणसाची नजर. ते दुकान दुसऱ्या मजल्यावर मागे गेले, तर क्षेत्र १२६ चौरस फूटच राहील आणि धंदा मात्र उरणार नाही. माझे मत स्पष्ट आहे: ज्यांचा व्यापार दोन-तीन पिढ्या त्या रस्त्याच्या कडेला उभा राहिला, त्यांचा तळमजल्यावर पहिला हक्क असावा आणि विकासकाने विक्रीची दालने पहिल्या मजल्यापासून वर न्यावीत. नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी हा बदल करणे अवघड नसते, पाया भरल्यावर तो जवळजवळ अशक्य होतो.

नियम गप्प आहे तेथे करारनाम्याने बोलावे लागते. दुकान तळमजल्यावर आणि रस्त्याच्या पातळीला असेल, त्याची रस्त्याकडची रुंदी अमुक फूट आणि आतली उंची अमुक असेल, शटर कोणत्या रस्त्यावर उघडेल, माल उतरवायला टेम्पो कुठे थांबेल, विजेचा भार किती मंजूर होईल, हे सर्व करारात लिहून, आपला गाळा क्रमांकासह रंगवलेला नकाशा त्याला जोडावा. रस्त्याकडच्या रुंदीचा आग्रह सोडू नका. सात फूट रुंद आणि अठरा फूट खोल गाळा आणि नऊ फूट रुंद व चौदा फूट खोल गाळा, दोन्ही १२६ फुटांचेच होतात, पण फळीशी उभ्या राहणाऱ्या माणसांची संख्या सारखी राहत नाही. पोटमाळ्याचे क्षेत्र अधिकृत नोंद असेल तरच धरले जाते, म्हणून दुरुस्ती मंडळाच्या नोंदी आणि महापालिकेच्या मालमत्ता कराच्या निर्धारणाचा उतारा आजच काढून ठेवा.

बांधकामाच्या वर्षांत धंदा कुठे चालवायचा, हा प्रश्न घराच्या भाड्याहून निराळा आहे. गिऱ्हाईक तीन-चार वर्षे दुसऱ्या दुकानी गेले, तर ते परत येईलच याची खात्री नसते. म्हणून त्याच परिसरात तात्पुरता गाळा मागावा आणि तो मिळत नसेल, तर दुकानाच्या बाजारभावाने भाडे मागावे. भेंडी बाजारच्या योजनेकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. साडेसोळा एकरांवरच्या सुमारे २५० इमारती, जवळपास ३,२०० कुटुंबे आणि सुमारे १,२५० दुकाने तिच्यात आली आणि घरांइतकाच दुकानांचाही विचार तेथे आरंभापासून करावा लागला, कारण त्या भागाची ओळखच बाजार ही आहे. गिरगावच्या रस्त्यांबद्दल काही निराळे म्हणता येईल, असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. संमतीच्या मोजणीत दुकानदारही धरले जातात. घरांच्या सह्या आधी गोळा झाल्या, की दुकानदारांच्या सह्यांची गरज उरत नाही आणि मग त्यांचे कोणी ऐकत नाही. म्हणून आपले म्हणणे वरच्या मजल्यांवरच्या भाडेकरूंपर्यंत आत्ताच पोचवा. पुष्कळ घरांत त्यांच्या आजोबांनी आपल्या आजोबांकडून उधारीवर सामान नेले असेल, ही माणसे परकी नाहीत.

प्रश्न: भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते १९८९ साली वारले, माझे यजमान २०११ साली गेले. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला आहे. मी ७१ वर्षांची असून एकटी राहते. मला पात्र धरतील का, आणि बांधकाम होईपर्यंत मी कुठे जाऊ?

उत्तर: ताई, पावती जुन्या नावावर आहे एवढ्याने आपला हक्क जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू मानली जाते. ३३(७) च्या योजनेत १३ जून १९९६ या तारखेला इमारतीत असलेल्या भाडेकरूंची यादी दुरुस्ती मंडळ प्रमाणित करते. त्या तारखेला आपले यजमान तेथे राहत होते आणि त्यांच्यानंतर आपण राहत आहात, ही साखळी कागदांनी जोडायची आहे. त्यासाठी दोन्ही मृत्यूचे दाखले, शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, विजेची जुनी बिले आणि मिळतील तेवढ्या भाडेपावत्या एका पिशवीत एकत्र ठेवा. यजमानांना भाऊ-बहिणी असतील, तर त्यांच्याशी आत्ताच बोलून नोटरी केलेले ना-हरकत पत्र घ्यावे. अशा तक्रारी घराची किल्ली द्यायच्या वेळी उभ्या राहतात आणि तेव्हा फार मनस्ताप होतो.

बाहेर राहण्याच्या प्रश्नाची मला अधिक काळजी वाटते. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील, म्हणजे पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांनी २००८ सालच्या करारानंतर आपली घरे सोडली, पुढे काम रखडले, भाडे थांबले, २०१८ साली म्हाडाला प्रकल्प आपल्या हाती घ्यावा लागला, आणि एवढ्या वर्षांत कित्येक वृद्धांना आपले नवे घर पाहायलाही मिळाले नाही. म्हणून घर रिकामे करण्यापूर्वी तीन गोष्टी हाती असाव्यात: नोंदणीकृत कायमस्वरूपी पर्यायी निवासाचा करारनामा, निदान पहिल्या वर्षाच्या भाड्याचे धनादेश, आणि पुढच्या भाड्यासाठी सर्व भाडेकरूंच्या नावे बँक हमी. बांधकामाला प्रारंभाची परवानगी मिळण्याआधी कोणी बाहेर पडायला सांगितले, तर समितीने एकमुखाने नकार द्यावा. आपण एकट्या आहात, म्हणून डॉक्टर आणि ओळखीची माणसे जवळ असतील अशी जागा याच विभागात शोधून देण्याची मागणी लेखी करा, आणि नव्या इमारतीत ज्येष्ठांना खालचे मजले द्यावेत हा ठराव समितीत आधीच मांडा. सोडत निघाल्यावर त्याला अर्थ राहणार नाही.

प्रश्न: आम्ही शेजारच्या वाडीतले. या उंच इमारतींनी आमच्याकडचा उजेड जाईल, गल्लीत गाड्या मावणार नाहीत. वाडीच्या चौकात आम्ही मिळून गणपती बसवतो, तो आता ‘पोडियम’वर जाणार म्हणतात. शेजाऱ्यांना हरकत घेता येते का?

उत्तर: घेता येते, पण जाहीर सुनावणीची वाट पाहू नका. शहराच्या विकास आराखड्यातील आरक्षण किंवा तरतूद बदलायची असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नियमावलीत आधीच बसणाऱ्या पुनर्विकासासाठी तशी पायरी नसते. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर जात असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, परंतु इमारत प्रकल्पांना तेथेही जाहीर सुनावणीतून सूट आहे. मला हे पटत नाही. ज्या गल्लीत शंभर वर्षे माणसे समोरासमोर राहिली, त्या गल्लीतल्या शेजाऱ्यांना नकाशा दाखवण्याची सक्ती हवी. तोवर माहिती अधिकारात महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडून मंजूर नकाशा, अग्निशमन दलाची ना-हरकत आणि वाहनतळाचा आराखडा मागवा. ३३(७) च्या योजनांना सामासिक अंतरांत, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, सवलती दिल्या जातात, तेव्हा आपल्या भिंतीपासून नवी भिंत किती मीटरवर येते आणि बंब नेमका कोणत्या बाजूने आत येणार, यावर बोट ठेवून लेखी हरकत द्या. ‘टॉवर नको’ अशा अर्जापेक्षा असा अर्ज अधिकाऱ्याला बाजूला सारता येत नाही.

चौकाचे म्हणाल, तर मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. याच गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. तो चाळीच्या अंगणात वाढला, कारण त्या अंगणात कोणीही रस्त्यावरून चालत येऊ शकत होते. गाड्यांच्या चार मजल्यांवरचे, रखवालदाराला नाव सांगून लिफ्टने गाठायचे पोडियम ही मोकळी जागा असेल, पण चौक नव्हे. मोकळ्या जागेचा काही भाग जमिनीच्या पातळीवर, दोन्ही वाड्यांना चालत येता येईल असा ठेवावा, ही मागणी सहाही चाळींच्या भाडेकरूंनी आणि आपण मिळून करावी. आपल्या वादातला हा एक मुद्दा असा आहे, की ज्यावर दोन्ही वाड्यांची मने जुळलेली आहेत.

प्रश्न: मालक दाद देत नाही. ‘७९-अ’ खाली आपण भाडेकरूच पुनर्विकास करू, असे काही जण म्हणतात. शक्य आहे का?

उत्तर: आधी कोणते ७९-अ, ते पाहा. सहकारी संस्था अधिनियमातही याच क्रमांकाचे कलम आहे आणि त्याखालील ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी आहे. तो आपल्या पागडीच्या चाळीला लागू नाही. आपल्याला लागू आहे ते म्हाडा अधिनियमातील ७९-अ. त्यानुसार इमारत धोकादायक ठरल्यावर मालकाला सहा महिन्यांची संधी मिळते, त्याने प्रस्ताव न दिल्यास भाडेकरूंच्या नियोजित सहकारी संस्थेला सहा महिने मिळतात आणि त्यानंतर म्हाडा पुढे येऊ शकते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुरुस्ती मंडळाच्या अशा शेकडो नोटिसांना स्थगिती दिली, म्हणून आपल्या नोटिशीची आजची स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी. दरम्यान चाळीच्या टेकूंकडे आणि तुळयांकडे दुर्लक्ष करू नका. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली, आणि ती इमारतही पुनर्विकासाच्या योजनेतलीच होती.

प्रश्न: दुकाने, कार्यालये आणि घरे एकाच आवारात आली, तर देखभालीचा खर्च आम्हाला पेलवेल का? आज आमचे भाडे महिना दोनशे रुपयांच्या आत आहे.

उत्तर: या प्रस्तावातला हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला प्रश्न आपण विचारलात. लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा, रखवालदार हे सर्व महिन्याच्या बिलातून येते आणि दोनशे रुपयांची सवय असलेल्या घराला काही हजारांचे बिल झेपत नाही. मग घर भाड्याने देऊन लोक बदलापूर-विरारला जातात. ३३(७) मध्ये दहा वर्षांच्या देखभालीसाठी विकासकाने कॉर्पस निधी, म्हणजे देखभालीपुरती राखीव ठेव, ठेवण्याची तरतूद आहे. तो किती, कोणत्या बँकेत आणि कोणाच्या संयुक्त सहीने, हे करारात असावे. एक दिलासा असा, की मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे ४०५ फुटांच्या घरावर तो भार येणार नाही.

संमिश्र वापराच्या इमारतीत खरी अडचण वाटणीची असते. कार्यालयांच्या वातानुकूलनाचा आणि दिवसभर वर-खाली करणाऱ्या लिफ्टचा खर्च रहिवाशांच्या बिलात मिसळता कामा नये. त्यासाठी पुनर्वसन इमारतीला स्वतंत्र प्रवेशद्वार, स्वतंत्र लिफ्ट, स्वतंत्र वीजमापक आणि पाण्याची स्वतंत्र टाकी नकाशातच दाखवून घ्यावी, व्यापारी भागाचे सामाईक शुल्क निराळ्या दराने ठरवावे आणि दर्शनी जागेवर जाहिरात फलक लागणार असतील तर त्यांचे उत्पन्न पुनर्वसन इमारतीच्या निधीत जमा व्हावे. पुढच्या बैठकीला जाताना विकासकाकडून अपेक्षित मासिक देखभाल खर्चाचा तपशील, एकेका बाबीसह, लेखी मागवा आणि तो हाती आल्यावर प्रत्येक घराने आपला आकडा स्वतः काढून पाहावा.